मामंजींची हवामानाची पाटी

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी सांगलीहून आष्ट्याच्या पुढं चार मैलांवरच्या एका गावात नांदायला आले. नवरा फौजेत होता. अंगावरची हळद उतरायच्या आत त्याची रजा संपली आणि घरात आम्ही तिघंच उरलो: सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई.

मामंजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावानं त्यांना परस्पर बढती देऊन सुभेदार केलं होतं आणि त्यांनीही ती कधी नाकारली नव्हती. नोकरी तोफखान्यातली. तोफेचा गोळा कुठं जाऊन पडणार हे वारा आणि उष्णता ठरवतात, म्हणून तिथं रोज पहाटे फुगा सोडून हवेचं माप काढायचे. मामंजी त्या कामावर होते. नेमकं काय करत होते हे मी एकदा आत्याबाईंना विचारलं.

"फुगा धरून हुबं ऱ्हायचं," आत्याबाई म्हणाल्या. "सोडायला दुसरा मानूस हुता."

पण पंजाबात आणि राजस्थानात वीस वर्षं फुगा धरलेल्या माणसाला हवेतलं कळतं, अशी मामंजींची पक्की समजूत होती. घरी येताना त्यांनी लाकडी पट्टीवर बसवलेला एक थर्मामीटर आणला आणि दारापुढच्या सोप्यातल्या खांबाला ठोकला. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, बांबू उभा करून वाऱ्याची दिशा कळायला लाल चिंधी बांधली. आणि दाराशेजारी खिळ्याला शाळेतल्या पाटीच्या दुप्पट आकाराची एक पाटी टांगली. रोज सकाळी सात वाजता आंघोळ उरकून, स्वच्छ धोतर नेसून ते त्या पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहायचे: 'आजचे कमाल तापमान सुमारे १०४. आकाश निरभ्र. वळवाची शक्यता नाही.'

मामंजींचा पारा फॅरनहाइटमधला आणि रेडिओचा सेल्सिअसमधला. त्यामुळे पुण्यात चाळीस अंश असले की आमच्या सोप्यात एकशेचार असायचे, आणि आपलं गाव पुण्याच्या अडीच पट तापतं याचा गल्लीला मनातून अभिमान वाटायचा. मामंजींनी दोन-तीनदा हिशेब समजावून सांगायचा प्रयत्न केला. समोरच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, "असंल की. पुण्याची मानसं नाजूक, तेवढ्यातच त्यास्नी भाजतंय."

घरात एक नियम होता. पारा एकशेचारच्या वर गेला की बारा ते चार बायकांनी रानात जायचं नाही. मामंजींचा हा हुकूम आत्याबाईंनाही मोडता येत नसे. मी सांगलीत वाढलेली. भुईमुगाच्या रानात दुपारी वाकून भांगलायची, तण खुरपायची मला सवय नव्हती. एका दुपारी पारा एकशेतीनावर येऊन हटून बसला. मी आधी थर्मामीटरचा फुगीर भाग मुठीत धरून पाहिला. पण अंगाची उष्णता अठ्ठ्याण्णवाच्या पुढं जात नाही, पारा उलट खाली यायला लागला. इंटर सायन्सला मी दोनदा नापास झाले होते, पण तेवढं शास्त्र माझ्यापाशी होतं. मग मी चहाचा कढत पितळी पेला त्याच्याजवळ नेला. पारा एकशेसहावर गेला. मामंजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, पाटी पुसून नवा आकडा लिहिला आणि आत्याबाईंना म्हणाले, "आज रान बंद. ऑर्डर."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग पेल्याकडं पाहिलं. "चा इतका गरम पिऊ नये, पोरी," एवढंच म्हणाल्या.

तर असा उन्हाळा चालला होता. चैत्र-वैशाख म्हणजे गल्लीतल्या बायकांची वर्षाची बेगमी: पापड, सांडगे, शेवया आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, सकाळी तो शिजवायचा, आणि गरम असतानाच सोऱ्यातून धोतरावर कुरडया घालायच्या. पुढं दोन दिवस कडक ऊन हवं. ओल्या कुरडयांवर वळीव पडला तर धोतरावर नुसती खळ उरते. त्यामुळं सकाळी आकाशाचा अंदाज घेतल्याशिवाय कुणी चूल पेटवत नसे, आणि अंदाज घ्यायला आमची पाटी होतीच.

पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की मामंजींचं चुकतं. चुकण्यात नवल नाही, रेडिओचंही चुकायचं. पण मामंजींचं ज्या शिस्तीत चुकायचं ती शिस्त मला फौजेतली वाटली. पाटीवर 'निरभ्र' असलं की चार वाजता धूळ उठायची, पत्रे वाजायचे आणि टपोरे थेंब यायचे. 'वळवाची दाट शक्यता' असली की दिवसभर आकाश धुतलेल्या परातीसारखं. मी धान्याच्या कणगीच्या खोलीच्या दाराआड कोळशानं रेघा ओढायला लागले: खरं निघालं की डावीकडं, खोटं निघालं की उजवीकडं. महिन्याभरानं उजवीकडं जागा पुरेना. डावीकडं तीनच रेघा होत्या आणि त्यातली एक मी दयेनं ओढली होती. त्या दिवशी चारच थेंब पडले होते.

नेहमी खरं बोलणारा आणि नेहमी खोटं बोलणारा, दोघांचाही उपयोग सारखाच असतो. हे मला सुचलं तेव्हा इतका आनंद झाला की तो पोटात ठेवता येईना. आडावर पाणी भरताना मी शिंपीणकाकूंच्या कानात सांगितलं, "पाटीवर असेल त्याच्या उलट करा."

"आगं, सुभेदारांच्या?"

"एकदा करून बघा."

त्यांनी दोनदा करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं.

तिथून पुढं आमच्या दारात रोज सकाळी गर्दी व्हायला लागली. कुणी विस्तव मागायला यायची, कुणी विरजण मागायला. यायचं, पाटीकडं पाहायचं, "वाचा की वं सुभेदार, काय लिवलंय?" म्हणायचं. मामंजी खणखणीत आवाजात वाचून दाखवायचे. 'वळीव येणार' ऐकलं की बायका खुशीत परत जायच्या आणि चुली पेटायच्या. 'कोरडे हवामान' ऐकलं की तोंड पाडून शेवयांचा बेत उद्यावर टाकायच्या. त्या महिन्यात आमच्या गल्लीतली एकही कुरडई भिजली नाही. शेजारच्या गल्लीनं दोनदा गहू वाया घालवले.

मामंजी मात्र फुलून गेले. मिशांना तेल लागायला लागलं. पाटीवर मजकूर वाढला, वाऱ्याची दिशा आली, आर्द्रता नावाचा एक शब्द आला. मुलाला फौजेत पत्र लिहिताना त्यांनी मला शेवटचं वाक्य सांगितलं: "लिही, इथली पब्लिक सकाळी आपला रिपोर्ट घेतल्याशिवाय काम सुरू करत नाही."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी पाकीट चिकटवताना मला मान वर करवेना. आत्याबाई मागं कांदा चिरत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. कांद्यानं खांदे हलत नाहीत.

मग एक दिवस घोटाळा झाला. त्या सकाळी मामंजींनी 'निरभ्र, कोरडे' असं लिहिलं, वाचून दाखवलं आणि चिंधी पाहायला माळवदावर चढले. एरवी ते आधी चढायचे आणि मग लिहायचे. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून क्रम बदलला. वरून त्यांना सगळी गल्ली दिसली. जी ती घाईघाईनं वाळवण गोळा करत होती. धोतरांची टोकं उचलली जात होती, खाटा आत ओढल्या जात होत्या.

"अहो, गोळा का करताय?" मामंजींनी वरून शिंपीणकाकूंना विचारलं. "आत्ताच वाचून दाखवलं ना. आज वळीव नाही."

"व्हय जी," शिंपीणकाकू हातातलं सूप सावरत म्हणाल्या, "म्हनूनच की."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली आणि आत पळाल्या. मी अंगणात उभी होते. मामंजी शिडीवरून एकेक पायरी उतरून आले आणि खुर्चीत बसले. दुपारी चारला गारा पडल्या. दारात उभं राहून त्यांनी गल्ली पाहिली. कुणाच्या दारात शेवयांची एक काडी भिजलेली नव्हती.

जेवताना त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, गल्ली पाटी कशासाठी वाचते?"

"हवामान कळावं म्हणून, मामंजी."

"हूं," ते म्हणाले आणि दुसरी भाकरी घेतली नाही.

मला वाटलं आता पाटी खाली येणार. पण दुसऱ्या दिवशी सात वाजता ती लिहिलेली होती, तिसऱ्या दिवशीही. मजकूर पूर्वीसारखाच, गर्दीही पूर्वीसारखीच. मामंजींनी काही मनाला लावून घेतलं नाही, असं म्हणत मी सुटकेचा निःश्वास सोडला.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या पाच घरांनी मिळून कुरडयांचा घाट घातला. आमचंही घर त्यात होतं. तीन दिवस गहू भिजले, चीक निवळला, आणि चौथ्या सकाळी सगळ्या जणी सोऱ्या घेऊन पाटीपाशी आल्या. पाटीवर मोठ्या अक्षरात होतं: 'जोरदार वळीव. गारांची शक्यता. सावध राहावे.'

यापेक्षा चांगली बातमी नव्हती. शिंपीणकाकू तर सोऱ्या वर करून नाचल्याच. दहा वाजेपर्यंत पाच माळवदांवर पांढरीशुभ्र कुरडयांची रांगोळी झाली. मामंजी सोप्यात बसून पंख्यानं वारा घेत होते आणि चक्क गुणगुणत होते. मला जरा चमत्कारिक वाटलं. त्यांनी 'सावध राहावे' लिहूनही कुणी सावध राहिलं नाही, याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. आज ते वर पाहत होते आणि खूश होते.

दोनपर्यंत ऊन असं की माळवदावर पाय ठेववेना. अडीचला वारा पडला. शेवग्याचं पानसुद्धा हलेना. घामानं चोळी अंगाला चिकटली. तीन वाजता आत्याबाई मागच्या दारात गेल्या, सांगलीच्या बाजूला हात कपाळावर धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरी, पळ."

मी माळवदावर पोचले तेव्हा पूर्वेकडून आकाश शाईसारखं चढून आलं होतं. पुढं धुळीची भिंत. मी दोन धोतरं उचलली तोवर वाऱ्यानं तिसरं उडवलं. मग वीज कडाडली आणि गारा सुरू झाल्या. चारी बाजूंच्या माळवदांवर बायका ओरडत होत्या, कुणाचा पदर कुरडयांत, कुणाच्या कुरडया पदरात. वीस मिनिटांत सगळं आटपलं. पाच घरांचा गहू खळ होऊन पन्हाळीतून वाहून गेला. राहिलेला लगदा संध्याकाळी म्हशींनी खाल्ला.

पाऊस थांबल्यावर बायका ओल्या लुगड्यानंच आमच्या दारात आल्या. मला वाटलं आता भांडण होणार. पण भांडायला जागाच नव्हती. पाटीवर पावसाच्या थेंबांनी थोडं पुसलेलं, तरी स्पष्ट लिहिलेलं होतं, 'जोरदार वळीव. गारांची शक्यता.'

"सुभेदारांनी लिवलं हुतं," एक म्हातारी म्हणाली. "अक्षराला अक्षर खरं झालं. आमचीच मती फिरली."

"आमी तुमची चेष्टा केली," शिंपीणकाकू म्हणाल्या. "उलटं करत हुतो आमी, सुभेदार. देवानं दावलं."

मामंजी खुर्चीत ताठ बसले होते. इतके दिवस ज्या शाबासकीसाठी ते रोज सातला पाटी लिहीत होते ती दारात येऊन उभी होती. पण त्यांचं तोंड पडलेलं होतं. ते नुसतं "असू दे, असू दे" म्हणत राहिले.

बायका गेल्यावर मी चहा घेऊन गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"सूनबाई, मी आज मुद्दाम उलटं लिहिलं."

मला कळेना.

"माझा अंदाज होता कोरडं. पक्का अंदाज. पण कोरडं लिहिलं असतं तर त्यांनी कुरडया घातल्या नसत्या. तीन दिवस भिजवलेला गहू आंबला असता. म्हटलं, ह्यांना आपल्यावर भरवसा नाही तर नाही. वळीव लिहू, उलटं समजून घालतील, छान वाळतील. आपलं ज्ञान कुणाला कळलं नाही तरी कामाला तर येईल."

ते माझ्याकडं न पाहता बोलत होते. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि दोन्ही आवरायला मी चहाची बशी दोन्ही हातांनी धरली. मग माझ्याच्यानं राहवेना. मी त्यांना उठवून कणगीच्या खोलीत नेलं आणि दार लोटून मागच्या कोळशाच्या रेघा दाखवल्या. गल्लीला सांगणारी मीच, हेही सांगितलं. थर्मामीटरचं मात्र सांगितलं नाही. एका दिवसात किती सांगायचं.

मामंजींनी चष्मा लावला. उजवीकडच्या रेघा बोटानं मोजल्या, पुन्हा मोजल्या. रागावतील म्हणून मी दाराशी सरकून उभी होते.

"रेकॉर्ड चांगलं ठेवलंस," ते शेवटी म्हणाले. "आमच्या युनिटात असं ठेवत नसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी कोरी होती. बायका जमल्यावर मामंजी उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग शिंपीणकाकूंनी बोटं मोजत विचार केला.

"म्हंजी तुमास्नी खरं वाटत हुतं कोरडं."

"हो."

"आन् आला वळीव."

"हो."

"मग तुमचं ह्या बारीलाबी चुकलंच की."

आधी आत्याबाई हसल्या. महिनाभर दाबून ठेवलेलं ते हसणं असं बाहेर आलं की त्या उंबऱ्यावरच बसल्या. मग सगळी गल्ली हसली. मामंजी थोडा वेळ मिशी ओढत राहिले आणि मग तेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्याच दिवशी त्यांनी आमच्या कणगीतून चारी घरांना भिजवायला गहू दिले. एवढ्यावर थांबले नाहीत. चीक शिजवायच्या दिवशी सकाळीच प्रत्येक घरी जाऊन सोऱ्या फिरवायला बसले. गावात पुरुषानं कुरडया घातलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. आळीआळीतून माणसं बघायला आली. मामंजींच्या कुरडया कवायतीला उभ्या केल्यासारख्या, एका रांगेत दहा, अंतर सारखं. एक वाकडी पडली की ती काढून परत घालायचे. शेवटी शिंपीणकाकूंनी सोऱ्या हातातून काढून घेतला, नाहीतर चीक थिजला असता.

दुपारी जेवताना ते आत्याबाईंना म्हणाले, "मला एक कळत नाही. मी रोज मावळतीकडं पाहतो. डोंगराकडं एक ढग नसतो. आणि दुपारी हा येतो कुठून?"

"उगवतीकडनं," आत्याबाई म्हणाल्या. "वळीव उगवतीकडनंच येतो. पावसाळा मावळतीकडनं. शेरडामागं जानाऱ्या पोरीलाबी म्हाईत हाय."

मामंजींचा घास हातातच राहिला. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?"

त्या दिवसापासून पाटीचं काम दोघांकडं गेलं. तापमान मामंजींचं, वळीव आत्याबाईंचा. आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या, "कुबट झालंय, मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात, तीनच्या म्होरं बघा," आणि मामंजी लिहायचे, 'दुपारनंतर मेघगर्जनेची शक्यता.' मुंग्या त्यांनी शेवटपर्यंत पाटीवर येऊ दिल्या नाहीत. अंदाज आता कधी बरोबर यायचा, कधी चुकायचा, साधारण निम्मानिम्मा. गल्ली वैतागली. पूर्वीचं बरं होतं, निदान खात्री तरी होती, असं दोघी-तिघींनी मला आडावर ऐकवलं.

वैशाखाच्या शेवटाला एका सकाळी दोघं माळवदावर उभे होते. पूर्वेला एक ढग होता, म्हशीच्या डोक्याएवढा. आत्याबाई म्हणत होत्या, येणार. मामंजी चिंधीकडं बोट दाखवून म्हणत होते, वारा फिरला, सांगलीकडंच जिरणार. पाटी अजून कोरी. मी शिडीवर, खडू घेऊन. आणि खाली रस्त्यात शिंपीणकाकू सांडग्यांनी भरलेली परात डोक्यावर धरून उभ्या, घराकडं एक पाय, अंगणाकडं एक पाय.

"आवं, काय ते एक ठरवा की," त्या म्हणाल्या. "मान अवघडली माझी."